निलगिरीने मान टाकेपर्यंत

माणिक रोडे सिस्टरांचा निरोप समारंभ सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि व्यासपीठावरच्या निलगिरीने अजून मान टाकली नव्हती, म्हणून सिस्टर अजून खुर्चीतच होत्या.

खुर्ची लाल मखमलीची होती. दिसायला राजेशाही, बसायला दगड. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात उभं राहून ज्या पायांना सूज आली नाही, त्या पायांना आठ महिने बसून आली. खांद्यावरची शाल मे महिन्यात घातलेली. तेव्हा तिने जीव नकोसा केला होता. आता जानेवारीत तीच बरी वाटत होती. हातातला नारळ सिस्टरांनी दसऱ्यालाच फोडून खाल्ला, त्याला कुणी हरकत घेतली नाही. नारळाबद्दल काही नियम नव्हता.

नियम होता तो फुलांबद्दल. खैरोळीत समारंभ आभारप्रदर्शनाने संपत नाही. आभार मानणारे मानतात, चहा येतो, पण कार्यक्रम उठतो तो फुलांनी मान टाकल्यावर. हे पूर्वीपासून असंच आहे आणि त्यात कुणाचं कधी काही अडलं नव्हतं. झेंडू, शेवंती, गुलछडी. सकाळी दहाला मांडली की उन्हाळ्यात दुपारी दोनला माना खाली. थंडीत फार तर दिवेलागण. मग गुरवांच्या घरातलं जाणतं माणूस व्यासपीठावर चढतं, एक पाकळी चिमटीत धरून बघतं आणि म्हणतं, "टाकली मान." लोक चपला शोधायला लागतात.

बरं, फुलं जिवंत असताना उचलून टाकावीत, तर तसंही चालत नाही. तशाने समारंभ झालाच नाही असं धरतात. मागे एका तलाठ्याच्या भाच्याला एसटी गाठायची घाई होती म्हणून त्याने फुलदाणी हलवली. तलाठी निवृत्त झालेच नाहीत. शहात्तराव्या वर्षापर्यंत रोज कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचे आणि गेले तेही त्या बाकावरूनच. गेले ते रजेवर धरायचे की कसे, हे अजून ठरलेलं नाही.

सिस्टरांच्या समारंभाची सजावट हेमा जंगमने केली होती. हेमा ही गावातली एकुलती एक डेकोरेशनवाली. कुणाकडे शिकायला गेली नाही, स्वतःच्या डोक्याने शिकली. कालव्याकाठच्या निलगिरीच्या कोवळ्या फांद्या तिने आणल्या, रुपयाएवढ्या गोल पानांच्या, राखाडी हिरव्या. काड्यांची बुडं हातोडीने ठेचली आणि एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी अशा बादलीत पंधरा दिवस सावलीला उभ्या केल्या. पानं ते पाणी पीत राहिली. मग त्या फांद्या पितळी घंगाळात, मध्ये गुलछडी, असं मांडलं. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. घंगाळातून धुकं वर आल्यासारखं दिसत होतं.

गुलछडीने त्याच दुपारी मान टाकली. तात्या गुरव व्यासपीठावर आले, गुलछडी बघितली, बरोबर आहे म्हणाले, आणि मग निलगिरीचं पान चिमटीत धरलं. धरून बराच वेळ उभे राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पाला आहे, तात्या," हेमा म्हणाली.

"घंगाळात आहे ना?"

"आहे."

"मग मोजावा लागतो."

तेव्हापासून तात्या रोज सकाळी समाजमंदिरात येत होते. पंचाहत्तरीचा माणूस, पण एक दिवस खाडा नाही. पान वाकवायचं, सोडायचं, आणि वहीत तारीख घालून लिहायचं, "मान ताठ." वहीची अठ्ठावीस पानं त्या दोन शब्दांनी भरली होती.

"आज कसं?" सिस्टर विचारायच्या.

"वाकवलं की परत सरळ होतं."

"अहो, वाळलीये ती. कानाशी नेऊन बघा, वाजते."

"वाळणं वेगळं आणि मान टाकणं वेगळं, सिस्टर. वाळून ताठ राहिलेली माणसं तुम्ही पाहिली असतील."

"आरशात रोज बघते."

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, समारंभ उठल्यावर कार्यमुक्त. म्हणजे सिस्टर नोकरीतच होत्या. म्हणून पेशंट समाजमंदिरात यायचे. ड्रेसिंगचा ट्रे सत्काराच्या टेबलावर. इंजेक्शन घेणारा व्यासपीठाच्या पडद्यामागे जायचा. त्यांच्या जागेवर नवी सिस्टर आली होती, पण जुनी गेली नाही म्हणून नवीला टेबल नव्हतं. ती बिचारी पहिल्या रांगेत श्रोता म्हणून बसायची आणि स्वेटर विणायची. तिसरा स्वेटर चालू होता.

आणि माइकसमोर गणपतराव वाघचौरे. तालुक्याचे माजी उपसभापती, समारंभाचे मुख्य पाहुणे. ते मे महिन्यात "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" असं म्हणून उभे राहिले होते. भला माणूस. पावसाळ्यापर्यंत स्वतःचं बालपण पुरवलं. मग चुलत्यांचं. दिवाळीला गावच्या पाणी योजनेचा इतिहास संपला. आता सिस्टर त्यांना गोळ्यांच्या पाकिटातले कागद द्यायच्या आणि ते शांतपणे वाचायचे, "रिकाम्या पोटी घेऊ नये, असं इथे नमूद केलेलं आहे." सिस्टरांपर्यंत त्यांचं भाषण अजून आलेलं नव्हतं.

हेमा शनिवारी ओलं फडकं घेऊन यायची आणि एकेक पान पुसायची.

"पुसू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "धुळीने तरी मरू दे."

"धुळीने मरत नाही, सिस्टर. नुसती मळकी दिसते."

"मग दिसू दे मळकी."

"खाली माझ्या नावाचा बोर्ड आहे ना."

ओरडायचं सिस्टरांच्यात त्राण उरलं नव्हतं. हेमाने फडकं पिळलं आणि खाली मान घालून म्हणाली, "आई गेली तेव्हा तुम्ही शेवटचे वीस दिवस घरी येत होतात. तिच्या फोटोला घातलेली फुलं तासाभरात गेली. मनात म्हटलं, तुमच्या कार्यक्रमाला टिकेल असं काहीतरी करावं."

"टिकलं," सिस्टर म्हणाल्या. "त्यात नाव ठेवायला जागा नाही."

आणि खरंच गावाने नाव ठेवलं नव्हतं. उलट, निलगिरीची टूम निघाली. बायकांनी हेमाकडून घरोघर फांद्या नेल्या. दिवाणखान्यात उंच बरणीत, दारावर गोल कडं करून, आरशाभोवती, न्हाणीघरात नळाला उलटी जुडी, गरम पाण्याच्या वाफेने वास सुटतो म्हणून. मग त्या घरांतही जे ज्या दिवशी चालू होतं ते चालूच राहिलं. खटावकरांकडचं बारसं गणपतीत सुरू झालं. बाळाला दोन दात आले, आत्याचं तोंड अजून त्याच्या कानाशीच. डिंगण्यांकडे दिवाळीपासून साखरपुडा चालला होता. मुलीच्या बोटात अंगठी, मुलाची अजून तबकात. दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता, पण लग्न ठरवता येत नव्हतं आणि मोडताही येत नव्हतं.

सिस्टरांना यातल्या कशाचं काही वाटत नव्हतं. त्यांना धामणखोलला जायचं होतं. तिथे त्यांची थोरली बहीण होती, अक्का, वय वर्षं एकाहत्तर. दोघींनाही मागेपुढे कुणी नाही. निवृत्त झाल्यावर माणिकने अक्काकडे राहायला जायचं, हे वीस वर्षांपूर्वीच ठरलेलं. एसटीने दोन तास.

अक्काचा फोन दुपारी यायचा, पेशंट संपले की.

"माणके," अक्का म्हणाली, "आज भिंतीवरचं घड्याळ दिसलं नाही."

"काटे दिसत नव्हते ना गेल्या आठवड्यात?"

"काटे गेल्या आठवड्यात. आज घड्याळच."

सिस्टर खुर्चीत सरळ बसल्या. "डॉक्टर काय म्हणाले?"

"मोतीबिंदू पिकलाय म्हणाले. या पंधरवड्यात काढला नाही तर आत फुटेल, मग काढून न काढून सारखंच. एका डोळ्याचं तसंच झालं होतं, आठवतं ना? हा दुसरा. चौदा तारखेला शिबिर आहे. सोबत माणूस हवं, आणि दीड महिना डोळ्यात थेंब."

"सुमी आहे ना शेजारी?"

"सुमी भाकरी थापते त्याच बोटांनी येईल. माझा एकच डोळा उरलाय. त्यात सरकारने शिकवलेला हात जाणार, दुसरा नाही. तुझी खाट मे महिन्यापासून घालून ठेवलीय. तिच्यावर मांजर दोनदा व्यालं."

सिस्टरांनी फोन ठेवला. माइकवर वाघचौरे साहेब खोकल्याच्या औषधाचा कागद वाचत होते. घंगाळातली निलगिरी जशीच्या तशी उभी होती. उद्यापर्यंत काय, पुढच्या वर्षापर्यंत तिला काही होणार नव्हतं, हे चौतीस वर्षं माणसं बघितलेल्या बाईला कळत होतं. काही पेशंट असे असतात. घरचे थकून जातात, ते जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पान वाकवलं, सोडलं, वही उघडली.

"तात्या, लिहायच्या आधी एक सांगा. वावटळीत कदमांच्या लेकीच्या लग्नाचा मांडव उडाला होता. आठवतं?"

"आठवतं की. पत्रे सापडले ते थेट कालव्यात."

"मग लग्नाचं काय केलं?"

"समोर शाळेत नेलं."

"फुलं?"

"फुलंही नेली. परातीत घालून."

"म्हणजे लग्न उठलं?"

"छे. उठेल कसं? फुलं जिवंत होती. नुसतं सरकलं."

"म्हणजे सरकतं," सिस्टर म्हणाल्या.

तात्यांनी वही मिटली. "सरकतं," ते शेवटी म्हणाले. "पण सगळं मिळून सरकावं लागतं. फुलं, सत्कारमूर्ती, बोलणारा आणि निदान एक ऐकणारा. वाटेत एक जरी मागे राहिलं तर तुटलं. मग तलाठ्यासारखं."

"किती लांबवर सरकतं?"

"शाळा तर समोरच होती."

"अंतर कुठे लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही."

"मग लिहू नका."

तात्या हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील. "रोज धामणखोलला येणं माझ्याने व्हायचं नाही, सिस्टर. गुडघे बघताय ना. बघायचं कोण मग?"

"ते तुम्ही सांगा."

तात्यांनी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही बघा. चौतीस वर्षं तुम्ही ताप जेवढा होता तेवढाच लिहिलात, हे मला माहीत आहे. माझ्या पोराचा लिहिला होतात तेव्हा मला राग आला होता. कमी लिहिला असता तर मी त्याला घरी नेला असता, आणि तो वाचला नसता."

सिस्टरांनी वही पदराखाली घेतली.

राहिले मुख्य पाहुणे. त्यांना भाषण थांबवता येत नव्हतं, म्हणून सिस्टरांनी माइकजवळ जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि माइकमध्येच म्हणाले, "माझी हरकत नाही, असं मी या प्रसंगी नमूद करू इच्छितो. घरी निरोप कळवावा." घरून त्यांच्या मंडळींचा निरोप आला, न्या, इथे तरी काय करतात.

नव्या सिस्टरला माणिकबाईंनी पहिल्या रांगेतून उठवलं. "विणकाम गुंडाळ. दवाखान्यात जा आणि माझ्या टेबलाशी बस."

"तुम्ही गेलात असं धरू का?"

"गेले नाही. सरकलेय. ड्रेसिंगच्या कात्र्या खालच्या खणात आहेत. डाव्या बाजूची बोथट आहे."

बारा तारखेला सकाळी दहाच्या एसटीने समारंभ निघाला. हेमाने घंगाळ पोत्यात गुंडाळून उचलून आणलं होतं. कंडक्टर म्हणाला, "भांडं टपावर टाका."

"टपावर नाही. समारंभ आहे तो," सिस्टर म्हणाल्या.

"चालू आहे?"

"चालू आहे."

कंडक्टर खैरोळीचाच होता. त्याने वाकून पान चिमटीत धरून बघितलं आणि पुढची सीट रिकामी केली. "समारंभाला तिकीट नाही. सत्कारमूर्तीला बायकांचं अर्धं. बोलणाऱ्याला पूर्ण."

वाघचौरे साहेब वरचा दांडा धरून उभे राहिले आणि माइकशिवाय बोलू लागले. गाडीत पस्तीस माणसं होती, म्हणजे ऐकणाऱ्यांची वाण नव्हती. घाटात दोघांना मळमळलं, तेव्हा सिस्टरांनी निलगिरीचं एक पान त्यांच्या नाकाशी धरलं. पान तोडलं नाही, फांदीच वाकवून धरली. पान तोडलं असतं तर तेही मागे राहिलं म्हणून मोजावं लागलं असतं.

हेमा खैरोळीच्या स्टँडवरच राहिली होती. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाली होती, "सिस्टर, शनिवारी फडक्याने पुसा. कोरड्या नाही, ओल्या."

"पुसेन," सिस्टर म्हणाल्या.

धामणखोलच्या फाट्यावर उतरल्यावर अडचण आली. अक्काचं घर आत अर्धा कोस, आणि गाडीतले ऐकणारे गाडीबरोबर निघून जाणार. सिस्टरांनी गाडी थांबवून धरली. तेवढ्यात गिरणीतून दळण घेऊन एक बाई येताना दिसली. डोक्यावर पिठाचा डबा. सिस्टरांनी तिला विचारलं, घरापर्यंत जरा ऐकशील का. ती म्हणाली, वाट तीच आहे, ऐकते. मग कंडक्टरने घंटी मारली.

पुढे सिस्टर घंगाळ कमरेवर घेऊन, मागे साहेब बोलत, त्यांच्या मागे ती बाई हुंकार देत. ओढा ओलांडल्यावर ती बाई म्हणाली, "बोलतात चांगलं. कशाबद्दल आहे?"

"माझ्याबद्दल."

"तुमचं नाव तर आलं नाही कुठे."

"येईल," सिस्टर म्हणाल्या.

अक्का ओट्यावर बसली होती. तिला माणसं दिसली नाहीत, आवाज कळले. तिने माणिकच्या तोंडावरून हात फिरवला, मग घंगाळावरून, मग निलगिरीवरून. पानं वाजली. ऐकणारी आता अक्का झाली, आणि दळणवाली पीठ घेऊन घरी गेली.

चौदाला समारंभ शिबिरात गेला. घंगाळ दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं, आणि दवाखाना आहे म्हणून वाघचौरे साहेब हळू आवाजात बोलले. अक्काला आत नेलं तेव्हा ऐकायला व्हरांड्यात पट्ट्या बांधलेली अकरा माणसं होती. त्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी फार मन लावून ऐकलं. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. चौतीस वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. बाहेरच्या बाजूला एवढे पाय दुखतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पट्टी काढली. सिस्टरांनी हात साबणाने दोनदा धुतले, उकळून निवालेल्या पाण्याच्या कापसाने डोळा पुसला, खालची पापणी बोटाने ओढली आणि एक थेंब सोडला. अक्काने डोळा मिटला, उघडला, परत मिटला. मग उघडून धरला.

"म्हातारी झालीस गं, माणके."

"समारंभात झाले."

अक्काची नजर भिंतीवर गेली. "सव्वानऊ," ती म्हणाली. मग ओट्याकडे. तिथे ऊन आलं होतं आणि घंगाळातली पानं त्यात चंदेरी दिसत होती. "ही ती होय? मी समजत होते, काटेरी काहीतरी असेल. ही तर कोनाड्यात शोभेल."

"कोनाड्यात ठेवू. एका घरात सरकवायला काही लागत नाही."

सिस्टर ओट्यावर गेल्या. त्यांनी एक पान चिमटीत धरलं, वाकवलं, सोडलं. पान परत सरळ झालं. त्यांनी वही उघडली.

"लिही की टाकली म्हणून," अक्का आतून म्हणाली. "इथे कोण बघायला येतंय? दोघी मोकळ्या होऊ."

"ताप असेल तेवढाच लिहायचा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी लिहिलं, "मान ताठ."

खाटेवरून मांजर उतरलं नव्हतं. सिस्टरांनी त्याला पायथ्याशी सरकवलं आणि उरलेल्या जागेत आडव्या झाल्या. आठ महिन्यांनी निवांत पाठ टेकली. छताची कौलं मोजायची म्हणून मोजली, सोळापर्यंत गेल्या आणि सोडून दिली.

अंगणात वाघचौरे साहेब बोलतच होते. गोळ्यांचे कागद खैरोळीला राहिले होते, तेव्हा ते बिनकागदाचं बोलत होते.

"हे गृहस्थ कोण?" अक्काने विचारलं. तिला आता ते दिसत होते, टोपीसकट.

"मुख्य पाहुणे."

"जेवून जातील ना?"

"जेवतील," सिस्टर म्हणाल्या. "जाणार नाहीत."

अक्काने जरा विचार केला. "मग तांदूळ मूठभर जास्त घे."

सिस्टर उठल्या. डब्यातून तीन मुठी काढल्या, वर एक चौथी, आणि परातीत निवडायला घेतल्या. बाहेर साहेबांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तर आता मी आपल्या सत्कारमूर्तींकडे वळतो. माणिक सिस्टर आमच्या गावात आल्या ते साल..." आणि साल आठवायला थांबले.

सिस्टरांनी परातीतला एक खडा काढून ओट्याच्या कडेला ठेवला.

"सावकाश होऊ द्या, साहेब," त्या म्हणाल्या.